गल्लीतलं एकुलतं एक मूल

९ जानेवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

फोनवर तू काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे तुला पटत नाही, म्हणून पत्र. माझी तब्येत ठीक आहे. शिलाई मशीन मात्र बंद आहे, कारण पुढच्या खोलीत सध्या गल्लीच्या बैठका भरतात.

त्याचं असं झालं. कोपऱ्यावर नळ फुटला. पाणीखात्याची माणसं आली, खणलं, आणि पाइपाचा एक तुकडा कापून बाहेर ठेवला. त्यांच्या मुकादमाने त्यावर किल्लीने ओरखडा काढला, तर आतून लखलखीत चांदीसारखं. बघणाऱ्यांना क्षणभर वाटलं, आपण श्रीमंत आहोत. मुकादम म्हणाला, हे शिसं आहे, आणि गल्लीतल्या सगळ्या घरांत हेच गेलेलं असणार. मग नळाच्या पाण्याचे नमुने नेले. कालच अहवाल आला. पाण्यात शिसं आहे, असावं त्याहून बरंच जास्त आहे, आणि नसलंच तर उत्तम, असं त्यात लिहिलंय.

समोरचे कंपाउंडर म्हणाले की घाबरायचं कारण नाही, पाणी खळखळ उकळून प्यावं. आयुष्यभर दवाखान्यात औषधं मिसळलेला माणूस, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. वरच्या मजल्यावरच्या सिस्टरलाही मी जिन्यातूनच तसं सांगितलं. ती मोठ्या इस्पितळात नर्स आहे, ड्युटीवर निघाली होती, मान हलवून गेली. तिची चिमणी आता तिसरं वर्ष ओलांडेल. फार गुणाची पोर, आवाज म्हणून नाही. दिवसभर माझ्या चिंध्यांत बसते.

आता मुद्दा. सरकारने जुने पाइप बदलायला निधी काढलाय आणि त्याचे अर्ज ज्या कचेरीत जातात तिथे तू बसतेस, हे गल्लीला कळलंय. मी कुणाला सांगितलं नाही. कंपाउंडरांनी सांगितलं. कंपाउंडरांना मी सांगितलं होतं. सगळ्यांना फार आनंद झाला. तेव्हा काय ते बघ.

बाकी क्षेम. लोभ आहेच, तोही याच नळाचा आहे असं समजून गाळून घे.

तुझी
ताई

२० जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पहिलं काम हे कर की पाणी उकळणं आजच बंद कर, आणि हे पत्र पुढे वाचण्याआधी वर जाऊन सिस्टरला सांग. उकळल्याने जंतू मरतात. शिसं जंतू नाही, ते मरत नाही. पाण्याची वाफ होते आणि शिसं भांड्यात मागे राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात ते जास्तच होतं. कंपाउंडरांना माझा नमस्कार सांग आणि त्यांना सल्ले देऊ नका म्हणावं. प्यायला आणि स्वयंपाकाला बाहेरचं पाणी आणा. चिमणीच्या तोंडी तुमच्या नळाचा थेंबही जाऊ नये.

सांगून आलीस? आता पुढे.

तुमच्या गल्लीचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. माझी सख्खी बहीण तिथे राहते, सबब हा अर्ज मी हाताळू नये, असं मी साहेबांना लेखी कळवलं. साहेबांनी माझ्या प्रामाणिकपणाचं सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि अर्ज स्वतःकडे ठेवून घेतला. साहेबांकडे गेलेला कागद हलायला वेळ लागतो. प्रामाणिकपणाची किंमत असते म्हणतात, ती तुमची गल्ली भरते आहे.

आणि वशिला चालला असता तरी उपयोग नव्हता. निधी थोडा, गल्ल्या फार, म्हणून गुण देतात. पाइप शिशाचे असले की गुण, अहवाल वाईट आला की गुण, पण सगळ्यात जास्त गुण लहान मुलांना, कारण शिसं सगळ्यात जास्त नुकसान त्यांचं करतं. वाढतं डोकं असतं त्यांचं. तुमच्या गल्लीत कंपाउंडर हेच तरुणांत मोडतात. चिमणी सोडली तर तुम्हाला दाखवायला कुणी नाही. नंबर लागलाच तर काठावर लागेल.

रागावू नकोस. रागावलीस तरी मला ऐकू येणार नाही, ही पत्राची सोय आहे.

तुझी
धाकटी

६ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

मी पाळणाघर काढलंय.

लहान मुलं नाहीत ही एवढीच अडचण असेल तर ती दूर करण्यासारखी होती. मंडईतल्या बायकांना मुलं ठेवायला जागा नव्हती, माझी पुढची खोली बैठकांनी वाया जात होती. आता तिथे सकाळपासून पोरंच पोरं आहेत. मशीनवर चादर टाकली आहे, तरी एकाने चाक फिरवून स्वतःची बाही शिवलीच. कंपाउंडर त्यांना अंक शिकवतात. मुलं अंक म्हणत नाहीत, एक गोळी सकाळी, दोन गोळ्या जेवणानंतर, असं म्हणतात. पण मोजता येतं.

तू ओरडशील म्हणून आधीच सांगते, मुलांना इथलं पाणी देत नाही. वाचनालयाची इमारत नवी आहे, तिथल्या नळावरून कंपाउंडर सायकलवर कॅन आणतात. उकळण्याचं सांगितल्यापासून ते मनाला लावून घेऊन बसले होते, आता जरा खुलले आहेत.

सिस्टरला तुझा निरोप त्याच दिवशी दिला. तिने मला दोनदा विचारलं, उकळायचं नाही का, म्हणून. मग तशीच जिना चढून वर गेली. नर्स माणसं पेशंटला घाबरवायचं नाही म्हणून गप्प राहतात, तसं असेल. तीही आता कॅनचंच पाणी नेते.

तर मुलं भरपूर झाली आहेत, कमी पडली तर आणखी मिळतील. साहेबांच्या कानावर घाल.

लोभात खंड नको, नळात पडला तर चालेल.

तुझी
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी कचेरीत मोठ्याने हसले. या कचेरीत ते पहिल्यांदाच घडल्यामुळे साहेबांनी येऊन बरं वाटतंय ना म्हणून विचारपूस केली.

पण नियमात शब्द आहे 'वास्तव्य'. जे मूल त्या गल्लीत राहतं, झोपतं, तेच धरायचं. सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणारं मूल आमच्या लेखी पाहुणा. तेव्हा तुझ्या त्या सगळ्या पलटणीचे गुण शून्य. पाळणाघर चालव, चांगलंच काम आहे, पण त्याने पाइप येणार नाहीत.

आता एक गंभीर सांगते. तू पहिल्या पत्रात चिमणीचं कौतुक केलं होतंस की आवाज म्हणून नाही. ताई, त्या वयाची मुलं डोकं उठवतात. ती याच घरात जन्मली आणि हेच पाणी पीत आली. तिचं रक्त तपासायला हवं. सिस्टरला हे मी परस्पर लिहावं की तू सांगशील? तूच सांग. उशीर करू नकोस.

तुझी
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

तपासणी झाली. पाळणाघराची नोंद करायला आरोग्यखात्याच्या बाई आल्या होत्या, त्यांनी सगळ्याच मुलांचं रक्त घेतलं, त्यात चिमणीचंही. मंडईतली मुलं ठीक आहेत. चिमणीच्या रक्तात शिसं निघालं. चांगलंच निघालं.

सिस्टरने अहवाल जिन्यात उभ्याउभ्या वाचला. तिला समजावून सांगायला कुणी लागलं नाही. तिने मला पाइपांचं कधी कळलं ते विचारलं. मी जानेवारी म्हणाले. ती म्हणाली, चिमणीला अंगावरचं दूध पुरलं नाही, म्हणून ती डब्याची पावडर पाण्यात कालवून द्यायची. ते पाणी ती नेहमी उकळून घ्यायची, चांगलं आटेपर्यंत, कारण ती नर्स आहे आणि स्वच्छतेच्या बाबतीत तिला कुणी बोट दाखवलेलं चालत नाही. एवढं बोलून ती वर गेली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणाले, आधी त्या पाण्यातून मूल बाहेर काढा, मग पुढचं. झालेलं नुकसान किती आणि त्यातलं किती भरून येईल, ते आज सांगता येत नाही. त्या पोरीच्या गप्प बसण्याला मी तीन वर्षं गुणी म्हणत आले. असो.

सिस्टर खोली सोडायची म्हणते. कॅनचं पाणी आहे हे तिलाही कळतं, पण दात घासायला, आंघोळीला, खेळता खेळता पोर नळाला तोंड लावेल, त्याला, चोवीस तास कोण बसणार? रात्रपाळीला ती चिमणीला माझ्याकडे ठेवायची. आता ठेवत नाही. बरोबर घेऊन जाते आणि इस्पितळात बाकावर निजवते.

यावर गल्लीची बैठक झाली. कुणीतरी नियम वाचून आलं होतं. चिमणी गेली तर गल्लीत मूलच राहत नाही, म्हणजे होते तेवढे गुणही गेले. तेव्हा निरीक्षक या महिन्यात येऊन जाईपर्यंत सिस्टरने राहावं, पाणी आपण सगळे मिळून पुरवू, असं ठरलं. वाईट माणसं नाहीत गं. शेवटच्या घरातल्या मावशींना तर रडू आलं. पण रडत रडत त्यांनीही हात वर केला. मग सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण मी घरमालकीण. मी म्हटलं, बोलते तिच्याशी.

वर जाऊन बोलले. सामान बांध म्हणाले.

तर तिने विचारलं, जाऊ कुठे? प्रश्न बरोबर होता. नवरा दुसरा संसार थाटून बसलाय, माहेरी कुणी नाही. तेव्हा मला तुझी ती मागची खोली आठवली, जिच्यात तू जुनी वर्तमानपत्रं ठेवतेस. वर्तमानपत्रांना राहायला जागा आहे तर माणसांनाही होईल. मी तिला तुझा पत्ता दिलाय. दोघी रविवारी दुपारी पोचतील. हे पत्र शनिवारपर्यंत तुला मिळावं.

गल्लीला अजून सांगितलेलं नाही. सांगितल्यावर माझ्यावर जो लोभ उरेल त्यातला थोडा तुझ्याकडे पाठवीन.

तुझी
ताई

२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. त्या दोघी रविवारीच पोचल्या होत्या.

दार उघडलं तर एक बाई, दोन पेट्या आणि एक मूल. सिस्टरला वाटलं मला सगळं माहीत आहे. मला वाटलं त्यांचा पत्ता चुकलाय. असं आम्ही बराच वेळ एकमेकींशी फार अदबीने बोलत होतो. शेवटी त्यांनी तुझी चिठ्ठी दाखवली, आणि त्यातलं हुकूम सोडण्याचं अक्षर मी ओळखलं.

वर्तमानपत्रं रद्दीत घातली. सिस्टरना इथल्या इस्पितळात काम लागलंय. त्या रात्रपाळीला जातात तेव्हा चिमणी माझ्याकडे असते. पहिला आठवडा ती जेवणाच्या टेबलाखाली बसून होती. मला मुलांशी काय बोलतात ते माहीत नसल्यामुळे मीही काही बोलले नाही. आमचं बरं जमलं. आता बोलायला शिकवणाऱ्या एक बाई येतात. परवा चिमणी 'नको' म्हणाली, अगदी स्पष्ट. सरकारी माणसाच्या घरात एवढी भाषा पुरते, पण बाई म्हणतात आणखी येईल. सगळी येईल का ते त्या सांगत नाहीत. मी विचारत नाही. सिस्टर रोज विचारतात.

निधीची यादी लागली. चिमणी गेल्यामुळे तुमची गल्ली तळाशी गेली. हे होणार ते तुला माहीतच होतं, तेव्हा बातमी म्हणून सांगत नाही. पण यादी वाचताना एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. ज्या घराने आजारी पडलेलं मूल तिथेच ठेवलं त्याला पाइप, आणि ज्या आईने मूल उचलून बाहेर नेलं तिची गल्ली शेवटी. हे नियम लिहिताना मी त्या खोलीत हजर होते, ताई. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मला लिहायला बसवलं होतं, मी सुवाच्य लिहिलं.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तुमचा यात संबंध येतो. मी म्हटलं, येतो, तो माझ्या टेबलाखाली बसलेला असतो. ते म्हणाले, मग तुम्ही बोलू नये. जूनमध्ये जनसुनावणी आहे, त्यात नागरिकांना बोलता येतं. त्या दिवसाची रजा टाकली आहे.

गल्लीने तुला वाळीत टाकलं का ते कळव.

तुझी
धाकटी

२८ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

गल्लीतल्या लोकांनी महिनाभर अबोला धरला आणि तुला पत्ता लागला नाही, कारण तुला ऐकू येत नाही, हे कंपाउंडरांच्या पत्रावरून कळलं. आता सगळे बोलायला लागलेत तेही तुला कुणीतरी सांगावं म्हणून लिहिते.

सुनावणी झाली. मी नागरिकांच्या रांगेत उभी राहिले. व्यासपीठावर साहेब बसले होते, त्यांनी मला ओळखलं नाही, आणि ते त्यांनी फार प्रयत्नाने केलं. माझा नंबर आल्यावर मी कोण, तुझी कोण आणि चिमणी कुठे राहते ते आधी सांगून टाकलं. मग नियम वाचला आणि त्याचा अर्थ सांगितला. सदस्यांपैकी एकाने जांभई दिली. बाई, तुमच्याच कचेरीचा नियम आहे ना, असं दुसऱ्याने विचारलं. मी हो म्हटलं. सभागृह हसलं. मी खाली बसले.

मग सिस्टर उठल्या. त्या बोलणार हे मला माहीत नव्हतं. इस्पितळाच्या कपड्यांतच होत्या, चिमणी कडेवर. त्यांनी अध्यक्षांना एवढंच सांगितलं, "मी माझी मुलगी तिथून हलवली. तुमची असती तर तुम्हीही हलवली असती. तुमची यादी म्हणते मी चुकले. मी चुकले का, तेवढं सांगा."

अध्यक्ष आपल्या कागदांकडे बघत राहिले. चिमणीला उत्तर उशिरा येतंय असं वाटलं असावं, ती मोठ्याने 'नको' म्हणाली. इतिवृत्तात तेही लिहिलं गेलंय.

परवा दुरुस्ती निघाली. ज्या घराच्या पाण्याने मुलाच्या रक्तात शिसं गेलं, त्या घराला ते मूल पुढे कुठेही गेलं तरी धरायचं. आणि पाइप फाटकापर्यंत नव्हे, स्वयंपाकघराच्या नळापर्यंत बदलायचा, कारण अर्धाच बदलला तर उरलेला अर्धा ढवळून निघतो. तुमच्यासारख्या आणखी बऱ्याच गल्ल्या यादीत वर आल्या. त्यांतल्या कुणाला मी ओळखत नाही, त्यामुळे झोप चांगली लागली.

माझी बदली झाली आहे. दिवाबत्ती विभागात. शहरातले दिव्यांचे खांब आता माझ्याकडे. साहेब म्हणाले, ही शिक्षा समजू नका. मी म्हटलं, समजत नाही. खांबांना नातेवाईक नसतात, एवढी तरी सोय आहे. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी जरा वाईट वाटलं. अठरा वर्षं त्या टेबलावर होते.

तुझी
धाकटी

१५ नोव्हेंबर

चि. धाकटीस अ. उ. आ.

नवे पाइप पडले. गल्ली महिनाभर खंदकासारखी होती. पाळणाघरातल्या मुलांना घरी जावंसं वाटेना, कारण दाराबाहेरच मातीचा डोंगर आणि खोल खड्डा, याहून जास्त त्यांना आयुष्यात काही नको. माझ्या स्वयंपाकघराची फरशी फुटली, ती खात्याने बसवून दिली, रंग जुळत नाही. ते म्हणाले, पाइप जुळलाय. जुने पाइप काढून ढकलगाडीवर घालून नेले. फार जड. दोघं माणसं लागत होती. एवढा ऐवज भिंतीत घेऊन आम्ही इतकी वर्षं राहत होतो.

आधी बराच वेळ नळ सोडून ठेवायला सांगितलं होतं. सगळ्या घरांतून एकदम पाणी सुटलं तेव्हा गल्लीतली सगळी म्हातारी माणसं दारात उभी राहून ऐकत होती. मलासुद्धा ऐकू आलं. पुन्हा नमुने गेले, अहवाल चांगला आला. कंपाउंडरांनी तो दोनदा वाचून दाखवला आणि स्वतःचं काही मत दिलं नाही. सुधारले आहेत.

तुला कळवलं असेलच, सिस्टर रविवारी उरलेलं सामान न्यायला आली होती, चिमणीला घेऊन. पोर केवढी झाली. मला बघून आधी लपली, मग येऊन माझ्या मांडीवर एक बूट ठेवला, पायात घालून दे म्हणून. मी तो हवा तेवढा वेळ लावून घातला.

सिस्टर स्वयंपाकघरात गेली. नवा नळ सोडला, पेला भरला, उजेडाकडे धरून बघितला आणि सगळं पाणी प्यायली. मी दारातच होते. मग चिमणीला तहान लागली, तेव्हा तिने पिशवीतून तुमच्याकडून आणलेली बाटली काढली आणि त्यातलं पाणी तिला दिलं. माझ्याकडे बघितलं नाही. मीही अहवाल पुढे केला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. कागदाने विश्वास जात असतो, येत नसतो.

चहा मात्र घेतला तिने. इथल्याच पाण्याचा.

वरची खोली रिकामी आहे. भाडेकरू विचारायला येतात. मी बघते म्हणते आणि बघत नाही.

तुझ्या खांबांना आशीर्वाद.

तुझी
ताई

३ मार्च

ती. काकूंना सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नव्हतं. एकाच घरात राहत होतो तेव्हा जिन्यातच बोलणं व्हायचं. आता लिहायला बसले तर काय लिहावं सुचत नाही, म्हणून आधी खुशाली. धाकट्या ताई बऱ्या आहेत. रस्त्यातून जाताना बंद दिवा दिसला की थांबून खांबाचा नंबर टिपतात, आणि आता चिमणीही थांबते. आम्हाला कुठेही पोचायला उशीर होतो.

चिमणीचं रक्त परवा पुन्हा तपासलं. शिसं बरंच उतरलंय, अजून उतरायचंय. ती बोलते. तिच्या वयाची मुलं बोलतात तितकं नाही, पण वाक्यं करते. कालचं वाक्य होतं, आजीकडे मशीन आहे. शाळेत तिच्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणतात. ते मी देईन. तुमच्यावर माझा राग होता. तो किती खरा होता आणि किती स्वतःवरचा होता, ते मला अजून नीट वेगळं करता आलेलं नाही. पण गल्ली राहा म्हणत असताना तुम्ही सामान बांध म्हणालात, ते मी विसरलेले नाही.

पत्र लिहिण्याचं कारण असं. मला इथल्या इस्पितळात बालविभागाच्या प्रशिक्षणाला घेतलंय. पंधरवडाभर दिवसरात्र तिथेच राहावं लागेल. धाकट्या ताई ठेवून घ्यायला तयार आहेत, पण त्यांची कचेरी असते, आणि चिमणीला विचारलं तर ती तुमच्याकडे म्हणाली. तुमची हरकत नसेल तर पुढच्या रविवारी दुपारी तिला आणून सोडते. या वेळी पत्र आधी पोचेल अशा बेताने टाकलंय.

तिचे कपडे, औषधं आणि बोलण्याच्या बाईंनी दिलेली चित्रं बरोबर असतील. दूध तिला झोपताना लागतं, कोमट. रात्री उठून पाणी मागते.

बाटल्या पाठवत नाही.

लोभ जसा माझ्या मुलीवर केलात तसाच पुढेही राहू दे.

तुमची
वरची सिस्टर